तेहतीस वर्षांची कढई

लोक मनते, रुखमाबाईच्या नाकावर राग असते. असते. नाई काऊन मनू? पण तो राग नाकावर येऊन बसला कसा, हे कोणी इचारत नाई. आज मीच सांगते.

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोर आमची आलूबोंड्याची टपरी हाये. आमची मंजे माह्या नवऱ्याची, सोमाजीची, कारण नाव त्याचंच चालते. आलू मी उकडते, सोलते, सांबार मंजे कोथिंबीर, अन मिरची मी कुटते, बेसन मी भिजवते, तेलाचा पिपा मी आणते, अन बोंडे सोडते आमचा बुढा. मूल गावावरून एसटी आली का मानसं खाली उतराच्या आधी खिडकीतून वरडते, "सोमाजीभाऊ, दोन पलेट!" खोटं काऊन बोलू, हात हाये त्याच्याजवळ. मसाल्यात मीठ किती हे तो वासावरून सांगते.

पण बुढ्याले हाताचा गर्व नाई. त्याले गर्व कढईचा. "तेहतीस वर्ष झाले, हे कढई एकदाबी रिती नाई केली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते. तेल कमी झालं का वरून एक गडवा नवं टाकाचं, खालचं तसंच. त्याच्या मायनं सांगून ठेवलं होतं का कढई रिती केली तं घरची बरकत जाते. विहारात उभा राहून हाच मानूस भाषण देते, अंधश्रद्धा सोडा, डोकं वापरा! अन टपरीवर आला का कढईपुढं हात जोडते. मी एकदा हासली तं मनते, "हे अंधश्रद्धा नाई, हे अनुभव हाये." घ्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्यातून साऱ्या गावाले एक खोड लागली. कोणी नवीन टपरी टाकली, कोणाच्या घरी लग्नाची कढई चढली, का डबा घेऊन आमच्या दारात हजर. "भाऊ, विरजण द्या." दुधाले विरजण लावते तसं तेलाले! आमच्या कढईतलं वाटीभर जुनं तेल त्याईच्या नव्या तेलात टाकलं का चव येते मने. बुढा पळीनं काढून, फडक्यातून गाळून देते, अन मंग दिवसभर फुगून बसते.

आता खरी गोष्ट ऐका. हे कढई मी अकरा वर्षांपासून दर तिसऱ्या दिवशी रिती करून राह्यली.

झालं असं. उन्हाळ्याचे दिवस होते. मी कढईच्या कडा पुसाले गेली तं फडकं चिकटलं. ओढलं तं सुटेना. तेल नव्हतंच ते, काळा डिंक झाला होता. बोंडा सोडला का फेस वर चढे अन खाली बसेच नाई. आच कमी ठेवली तरी धूर निघे. वास कसा, तं दाराले नवीन वार्निश मारल्यावर येते तसा. बोंडा हातात धरून दाबला का बोटातून तेल गळे. मी गिऱ्हाईकासमोरच मनलं, "अवो, हे तेल मेलं. फेका हे. कढई घासू अन नवं टाकू." बुढ्यानं झारा कढईवर आपटला. "तुले काय समजते कढईतलं? तू आलू सोल." बाकड्यावर दहा-बारा मानसं होते. सगळे हासले. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरोबर हाये ना, आलू सोलणाऱ्या बाईले काय समजते!

दुसऱ्या दिवशी सकाळी बुढा सायकलनं आलू आणाले गेला, अन इकडं मी ते थंड कढई खाली उतरवली. पुरी रिती केली. राख अन काथ्या घेऊन घासली, घासली, खालचं लोखंड दिसलं तवा थांबली. नवं तेल ओतलं, चूल पेटवली, अन बुढा वापस याच्या आधी मिरचीभज्यांचे दोन घाणे काढून घेतले. बेसनाचे कण जळले, तेलाले रंग आला. बुढा आला, त्यानं नव्या तेलावर गडवाभर नवंच तेल ओतलं अन हात जोडले. मंग पहिला बोंडा तोंडात टाकून मनते, "पाह्य रुखमे! जुन्या तेलाची चव याले मनतेत." मी पदर तोंडाले लावून मागं गेली अन हासून हासून माह्या डोळ्याले पाणी आलं.

तवापासून दर तिसऱ्या दिवशी, बुढा आलू आणाले गेला का, हेच. किती पिपे लागते हे बुढ्यानं कधी इचारलं नाई, तो कढईकडं कमी अन गिऱ्हाईकाकडं जास्त पाह्यते. काढलेलं तेल मी सुकलूले देत होती. सुकलू आरामशीनवर लाकडं चिराचं काम करते, त्याले आऱ्याच्या पात्याले लावाले कामी येते. त्याले पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "तोंड उघडशीन ना सुकलू, तं तुह्याच आऱ्यावर तुले चिरीन." बिचाऱ्यानं कधी उघडलं नाई.

अन मले मजा येत होती, हे बी सांगते. बुढा चार लोकात छाती फुगवून तेहतीस वर्ष, तेहतीस वर्ष करे, अन मी आलू सोलता सोलता मनातल्या मनात मने, बोल बाप्पा, बोल. दहा मानसात माह्यी इज्जत काढली होती ना? आता रोज तुले मी येडा बनवून राह्यली. अकरा वर्ष हे मिठाई मी एकटीनं खाल्ली. त्याचंच मले आता भोगा लागलं.

दोन वर्षाआधी आमच्या कुलदीपनं शाळेच्या गेटजवळ आपली टपरी टाकली. पोरगाच तो, बापाकडूनच शिकला. पहिल्या दिवशी बुढ्यानं मोठ्या थाटानं त्याच्या कढईत विरजण टाकलं अन सांगतलं, "रिती करू नको." अन हा पोरगा बापापेक्षाबी इमानदार निघाला. त्यानं खरंच नाई केली! दोन वर्ष! तिथी काई रुखमा नव्हती सकाळी उठून घासाले. कढईपुढं दिवसभर त्याची बायको रिना उभी राह्यते. टिनाचा शेड, वर एक लहानशी खिडकी, अन खाली ते तेल. मी रिनाले दोन-तीनदा मनलं, "बदलवत जा वो तेल." ते मने, "हे ऐकत नाई ना, आई." तवाच मी खरं सांगाले पाह्यजे होतं. नाई सांगतलं. सांगतलं असतं तं माह्यी मजा गेली असती. लिहून ठेवा, हे चूक माह्यी हाये, कोणा दुसऱ्याची नाई.

यंदा दिवाळी झाल्यावर चंद्रपूरवरून अन्न तपासणीच्या मॅडम आल्या. तरणी पोरगी, केस बांधलेले, हातात एक दांडीवालं मशीन. मनल्या, तळलेलं तेल तपासाचं हाये. बुढा तं नवरदेवासारखा पुढं झाला. "तपासा मॅडम. तेहतीस वर्षात रिती नाई झालेली कढई हाये हे."

मॅडमनं त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. मंग शांतपणानं समजावलं. "काका, तेल प्रत्येक वेळी तापलं की थोडं थोडं तुटतं. बटाट्यातलं पाणी, बेसनाचे जळके कण, वरची हवा, सगळं मिळून ते बिघडवतात. मग ते घट्ट होतं, काळं पडतं, लवकर धूर सोडतं. आणि जुन्यात नवं ओतलं की नवंही लवकर खराब होतं. या मशीनवर पंचवीसच्या वर आकडा गेला, तर ते तेल फेकून द्यायचं." असं मनून त्याईनं दांडी कढईत बुडवली.

आकडा आला अकरा.

मॅडमनं मशीन पुसलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा अकरा. "हे तेहतीस वर्षांचं तेल असूच शकत नाही," त्या मनल्या. अन त्याईनं माह्याकडं पाह्यलं. सरळ माह्याकडं. बाई बाईले वळखते. मी मान खाली घातली अन आलू सोलत राह्यली. एक शब्द बोलली असती ना, तं पुढचं काईच झालं नसतं. पण चार लोकात नवऱ्याले खाली पाह्यला लावाचं कसं, असं त्या वक्ताले मनात आलं. ज्यानं मले दहा लोकात खाली पाह्यला लावलं, त्याची मी इज्जत झाकत बसली!

मॅडमनं कागदावर अकरा लिहिलं अन त्या गेल्या. पण बाकड्यावर गुणवंतराव बसला होता. रिटायर मास्तर, दिवसभर आमच्या टपरीवर फुकटचा पेपर वाचते अन मोबाईल कुरवाळत राह्यते. त्यानं सारं मोबाईलमधी घेतलं होतं. मॅडम काय समजावून गेल्या ते सारं कापलं, अन फक्त बुढ्याची छाती अन मशीनवरचा आकडा ठेवला. खाली लिहिलं, तेहतीस वर्षांचं तेल, सरकारी मशीनमधी पास! संध्याकाळपर्यंत सारा तालुका पाह्यून झाला होता.

मंग काय इचारता! डबे घेऊन मानसं याले लागले. बाजूच्या गावचा चहा-भजेवाला, मंगल कार्यालयाचा आचारी, कोणी पार गोंडपिपरीवरून. साऱ्याईले विरजण पाह्यजे. जे लोक महिन्या-पंधरा दिवसांनी तेल बदलवत होते, त्याईनंबी बंद केलं. कुलदीपनं तं बोर्डच लावला, "३३ वर्षांच्या कढईचं विरजण". मी तो बोर्ड पाह्यला अन तशीच मागं फिरली.

त्याच हप्त्यात रिना घरी आली. दुपारची वेळ होती, मी धान पाखडत होती. ते दारात उभी राह्यली अन बोलाच्या आधी खोकलत बसली. खोकला थांबेना. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. मी पाणी देल्लं. मनते, "आई, दोन महिने झाले. दवाखान्यात दाखवलं तं डॉक्टर मनते धुरापासून दूर राह्य. कुठी दूर राहू? घास खाल्ला तरी तोंडात तोच वास येते. तुमची नात संघप्रिया रोज मधल्या सुट्टीत तिथीच खाते, रोज तिचं पोट दुखते. यायले मनलं तेल फेका, तं मनते बाबाचं तेहतीस वर्षांचं पास झालं, आपलं तं दोनच वर्षांचं हाये. तूच कामचोर, मनते. नाटकं करते, मनते."

कामचोर! सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत त्या धुरात उभी राह्यणारी पोरगी कामचोर! माह्या हातातलं सूप खाली पडलं, धान अंगणभर झालं. मी चप्पल घातली अन तशीच निंगाली.

शाळेची मधली सुट्टी झाली होती. पोट्ट्याईचा घोळका टपरीले चिकटलेला. कढईत पाह्यलं तं मले अकरा वर्षांआधीचीच कढई दिसली, त्याहूनबी वाईट. फेस कडांवरून उतू जात होता. धुरानं शेडचं टिन चिकट काळं झालेलं. मी एक बोंडा उचलला अन खाल्ला. जिभेले कडू लागला, गळ्याले कोणी नखानं ओरबाडल्यासारखा.

"कुलदीप, आच बंद कर. रिती कर हे कढई."

"काऊन?"

"काऊन मंजे? तुह्या बायकोचा खोकला ऐकू येत नाई का तुले? हे पोट्टे काय खाऊन राह्यले ते दिसत नाई का?"

त्यानं मोबाईल काढून माह्या तोंडापुढं धरला. "आई, हे पाह्य. सरकारी मशीन हाये. बाबाचं चालते अन माह्यंच नाई चालत? तू बी रिनाच्या नादी लागली." अन वर पोट्ट्याईले मनते, "घ्या रे, गरम हाये."

पोरगा चूक होता का? ज्या बापाचं ऐकाचं त्याचं त्यानं ऐकलं, अन जो आकडा पाह्याचा तो पाह्यला. त्या आकड्यामागं कोण होतं, हे त्याले कोणी सांगतलं? मले तवा असा राग आला, असा राग आला, का पुढं कोणी दिसेना. बुढ्यावर नाई, पोरावर नाई. तो राग माह्यावरच होता. मी हासत होती ना अकरा वर्ष? घे आता, हास.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आमच्या टपरीपुढं सकाळपासून मानसं उभे, प्रत्येकाच्या हातात डबा, नाई तं बाटली. बुढा पळी घेऊन उभा, नवीन सदरा घातलेला. गुणवंतराव बाजूले मोबाईल धरून तयार. बुढ्यानं पहिला डबा हातात घेतला, अन मी त्याच्या हातातली पळी काढून घेतली.

"कोणाले विरजण भेटणार नाई," मी मनलं. "घरी जा सारे."

"डोकसं फिरलं का तुह्यं?" बुढा मनते.

"फिरलं. ऐका सारे. हे कढई तेहतीस वर्षांची नाई. हे तेल परवाचं हाये. अकरा वर्षांपासून दर तिसऱ्या दिवशी मी हे कढई रिती करते, घासते अन नवं तेल टाकते. माह्या नवऱ्यालेबी माहीत नाई. मशीननं जे पास केलं ते नवं तेल होतं, जुनं नाई. तुमी जे घरी नेऊन ठेवलं त्यानं काई चव येत नाई, अन तुमच्या कढईतलं जे जुनं हाये ते विष हाये. फेका ते. आजच फेका."

गुणवंतराव हासला. "रुखमाबाई, मशीन खोटं बोलते का? भाऊचं नाव झालं ते पाहून तुमाले जळण होऊन राह्यली." अन बाकीचेबी हासले. अहो, मी खरं सांगून राह्यली, अन लोकाईले खोटंच गोड लागून राह्यलं! एक जण मनते, "भाऊ, तुमी भरा ना डबा, बाईचं काय घेऊन बसले."

बुढा हासला नाई. त्याचं तोंड उतरलं होतं. तो कढईत पाह्यत होता. मंग त्यानं हळूच इचारलं, "जुनं तेल कुठी गेलं मंग? एवढं तेल कुठी गेलं?"

मी लायनीमागं पाह्यलं. सुकलू उभा होता, हातात बोंड्याची पलेट. "सुकलू, बोल," मी मनलं. "आज बोलशीन तं काई नाई करणार."

सुकलूनं पलेट खाली ठेवली. "बाई खरं मनते, भाऊ," तो मनला. "अकरा वर्षांपासून आमच्या आऱ्याले तुमच्याच कढईचं तेल हाये. दर तिसऱ्या दिवशी नेतो मी."

मंग मात्र कोणी हासलं नाई. डबेवाले एक एक करून सरकले. गुणवंतरावानं मोबाईल खिशात घातला, ते काई त्याले तालुकाभर पाठवाचं नव्हतं. बुढा स्टुलावर बसला. मले वाटलं आता हा मले मारीन, नाई तं रडीन. त्यानं दोन्ही केलं नाई.

"मले काऊन नाई सांगतलं?" त्यानं इचारलं.

"सांगतलं होतं. तुमी झारा आपटला. अन आता ऐका, माह्यं ऐकाचं नसंन तं नका ऐकू, पण तिकडं कुलदीपची कढई खरंच दोन वर्षांची हाये. तुमचं ऐकून ठेवली त्यानं. रिना त्या धुरात मरून राह्यली. माह्यं तो ऐकत नाई. कोणाचं ऐकते ते तुमाले माहीत हाये."

बुढा उठला. टपरी तशीच उघडी सोडून शाळेकडं चालाले लागला. बाजारातून, साऱ्या गावासमोरून. मी त्याच्या मागं. रस्त्यात दोन जणाईनं हाक मारली, "भाऊ, खरं हाये का?" त्यानं मान वळवली नाई.

कुलदीपच्या टपरीवर रिना तळत होती, पदर नाकाले बांधलेला. बुढ्यानं परातीतला एक बोंडा घेतला, तोडला, तोंडात टाकला. तेहतीस वर्षांत मी त्याले बोंडा थुकताना पाह्यलं नव्हतं. त्या दिवशी थुकला.

"आच बंद कर," तो मनला.

कुलदीपचं डोकं सरकलं. "आईनं भरवलं ना तुमाले? तुमीच तं मनलं होतं, रिती करू नको! तुमचीच कढई पास झाली ना?"

"माह्यी नाई झाली. तुह्या मायची झाली. मी चूक मनलं होतं."

बस. एवढंच मनला. पण हे तीन शब्द, 'मी चूक मनलं', या मानसाच्या तोंडातून मी लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते. कुलदीपनंबी ऐकले नसन. त्यानं गॅस बंद केला अन रिनाले बाहेर घेऊन गेला. पोट्टे सुट्टीत आले तं बुढ्यानं स्वतः सांगतलं, "आज नाई रे पोट्टेहो, जा घरचा डबा खा." शाळा सुटेपर्यंत तो त्या कढईपुढं बसून राह्यला, थंड होईपर्यंत.

ओतली तं तेल धारेनं पडेच ना, गुळाच्या काकवीसारखं उतरलं. खाली दोन बोटं जाड थर. खुरपीनं खरडला, बाप-लेकानं दोघाईनं मिळून, दोन दिवस. सुकलूले बोलावलं तं त्यानं बोट लावून पाह्यलं अन हात जोडले. "बाई, हे माह्या आऱ्यालेबी नाई चालत. पातं जाम होईन." ऐका! जे लाकडाच्या मशीनले चालत नाई, ते आमी लेकराईच्या पोटात टाकत होतो. शेवटी वावराच्या बांधाले खड्डा करून धानाच्या कोंड्यासंगं गाडलं.

रिनाचा खोकला आता कमी हाये, पुरा गेला नाई. मी कुलदीपले सांगतलं, आता महिनाभर तू तळजो, रिना हवेत बसून आलू सोलीन. तो तळून राह्यला. तेल बदलवून राह्यला. बोर्ड त्यानं स्वतःच काढला.

अन आमच्या टपरीवर? बुढ्यानं माह्याशी बोलणं सोडलं. सकाळी येते, बोंडे सोडते, संध्याकाळी जाते. मीठ पाह्यजे तं बोटानं दाखवते. मीबी नाई बोलली. काऊन बोलू? अकरा वर्ष कढई घासली मी, अन रुसून बसला हा! त्याहून राग लोकाईचा. बसस्टँडवरचे लोक आता मनते, सोमाजीची चव गेली. चव गेली! तेल तेच, जे अकरा वर्षांपासून हाये. आलू तेच, बेसन तेच, हात तोच. फक्त यायले माहीत झालं, तं यायची जीभ बदलली. गिऱ्हाईक अर्धं झालं. मी रोज दात-ओठ खात आलू सोलत होती.

असा महिना गेला. काल सकाळी गुणवंतराव आला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. एक पलेट घेतली. अर्धा बोंडा खाल्ला अन पलेट बाजूले सारून मनते, "नाई वो रुखमाबाई. मजा नाई राह्यली. जुन्या तेलाची गोष्टच वेगळी होती."

मी तोंड उघडणारच होती. असं काई ऐकवलं असतं का त्याच्या सात पिढ्याईनं कान झाकले असते. पण माह्या आधी मागून आवाज आला.

"गुरुजी, जुनं तेल तुमी खाल्लं कधी?" बुढा मनला. सोडलेला बोंडा कढईत तसाच सोडून तो पुढं आला. "रोज याच बाकड्यावर बसून तुमी जे खात होते अन मिटक्या मारत होते, ते सारं हिनं टाकलेलं नवं तेल होतं. जुनं खाल्लं असतं तं आज इथी बसून पेपर वाचला नसता. अकरा वर्षांत तुमाले नाई, मले नाई, कोणालेच हिनं ते खाऊ नाई देल्लं. अन मी तेहतीस वर्ष, तेहतीस वर्ष वरडत राह्यलो. खाचं तं खा, नाई तं उठा. पण हिच्या तेलाले नाव ठेवाचं नाई."

गुणवंतराव उठला नाई. पलेट पुन्हा समोर ओढली अन खाली मान घालून खाल्लं.

महिनाभर जमवलेल्या साऱ्या शिव्या तोंडातच राह्यल्या. मी मनलं, "बोंडा जळून राह्यला तुमचा."

बुढ्यानं बोंडा काढला. मंग माह्याकडं न पाहता कढईच्या दोन्ही कड्याईले हात लावून पाह्यला, गरम होते तं झटकन मागं घेतला. "हे एवढी जड कढई," तो मनला, "एकटीच उतरवत होती का तू? अकरा वर्ष?"

"मंग कोण येणार होतं? तुमी?"

"उद्या तिसरा दिवस हाये," तो मनला. "मी आलू आणाले जाणार नाई. मी आल्याशिवाय कढईले हात लावू नको."